सरांचा यू

रविवारी, मेच्या उन्हात, मी माझ्या वेबपानाचं शीर्षक संत्र्याच्या रंगाचं करून राहिलो होतो. नागपूरच्या माणसाचं शीर्षक काळं, हे काही शोभत नाही. सीएसएसची, म्हणजे वेबपानाला रंगरूप देणाऱ्या भाषेची, एक ओळ. व्हिडिओतला पोरगा म्हणाला होता, पाच मिनिटं. मला तीन तास लागले.

ओळ लिहिली आणि कूलरमध्ये पाणी भरायला गॅलरीत गेलो. तेवढ्यात शेजारचे सर पेपर मागायला आले. निवृत्त इंग्रजी मास्तर, सहावीत मला होते. परत आलो तर लॅपटॉपसमोर बसलेले.

"काय करून राहिला रे?"

"शीर्षकाला रंग देऊन राहिलो, सर."

"लागला?"

"नाही ना."

"मंग नीट शिकून घे न बाप्पा!"

मी शिकलो. अर्धविराम तपासले, महिरपी कंस मोजले, पान पंचवीसदा रिफ्रेश केलं. शीर्षक काळं ते काळंच. सीएसएसचा नियमच असा, की न कळलेली ओळ ब्राउझरनं मुकाट्यानं सोडून द्यायची. चूक झाली म्हणून पानावर एक अक्षर उमटत नाही. अरे, आमच्या कूलरची मोटर तरी बंद पडण्याआधी घरघरते!

चार वाजता भाची आली. एक नजर टाकून म्हणाली, "मामा, कलरमध्ये यू कोणी घातला?"

"मी," सर पेपरमागून म्हणाले. "चुकलं होतं. दुरुस्त केलं."

"सर, इथं अमेरिकन स्पेलिंगच लागतं."

"अमेरिकेत लागत असेल. आपण धरमपेठेत आहोत."

"अहो, 1994 मध्ये सीएसएसची कल्पना मांडली ती होकोन विउम ली यांनी. नॉर्वेचे आहेत ते."

"मंग! नॉर्वेवाल्याला कुठून येणार इंग्रजी?"

हसू आलं, पण पुरतं नाही. सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर 1996 मध्ये प्रमाण झाली. त्याच वर्षी मी सहावीत होतो. म्हणजे तिकडे बिनायूचा कलर अख्ख्या जगासाठी पक्का होत होता, आणि इकडे तोच लिहिला म्हणून सर माझा अर्धा मार्क कापून राहिले होते. त्या अर्ध्या मार्कानं माझा नंबर गेला. आईला अजून आठवते.

तरी सरांचं मन राखायला म्हटलं, "ग्रे मात्र तुमच्यासारखा ई घालून लिहिला तरी चालतो त्याला. ए घातला तरी चालतो."

"दोन्ही चालतात?" सर ताडकन उठले. "असं कसं? एक तर चूक असलंच पाहिजे!"

आणि तणतणत गेले. पेपर घेऊन. शब्दकोडं माझं अर्धंच झालं होतं.