आईच्या पर्समधले पाण्याचे चार कप

माझ्या बाळंतपणासाठी आई-बाबा साताऱ्याहून इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आले, तेव्हाची गोष्ट. मुंबई ते नेवार्क थेट विमान, 15-16 तासांचा प्रवास. घरी आल्यावर आईची पर्स आवरायला घेतली, तर तळाशी पाण्याचे चार कप निघाले. जेवणाच्या ट्रेमध्ये देतात ते छोटे, वर चंदेरी झाकण चिकटवलेले. एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"अगं, पाणी प्यायलं की उठावं लागतं. दोन्हीकडची माणसं झोपलेली. कुणाकुणाला उठवायचं?"

तिला मधल्या चारांतली आतली सीट मिळाली होती. बाबा अकरा ओळी पुढे. अख्ख्या प्रवासात ती एकदा उठली. घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता. चपलेचा पट्टा बसेना म्हणून बाबांचे मोजे घालून ती व्हीलचेअरवरून बाहेर आली होती. तिकीट मीच काढलं होतं. "सीट काउंटरवर मिळेल" असं एजंट म्हणाला आणि मी ऐकलं. तिकिटावर एवढा खर्च केला आणि सीटचे काही हजार वाचवले, हे मला आजही लागतं.

म्हणून हे लिहितेय. आई-वडिलांचं तिकीट काढताना व्हीलचेअर सांगतो, जेवण शाकाहारी आहे ना ते बघतो, लोणच्याची बरणी कुठल्या बॅगेत ठेवायची यावर तासभर बोलतो. आणि ज्या सीटवर ती माणसं 15 तास काढणार, ती नशिबावर सोडतो. असं करू नका. साठीच्या पुढच्या माणसाला आइलची, म्हणजे मधल्या वाटेला लागून असलेली सीटच हवी, आणि ती पैसे भरून आधीच घ्यायला हवी.

"खिडकी द्या, बाहेर बघता येईल" असं बरेच जण प्रेमाने सांगतात. रात्रीच्या विमानात बाहेर अंधार असतो. तरुण माणूस डोकं टेकवून छान झोपतो, त्याच्यासाठी खिडकी उत्तम, मीही एकटी असले की तीच घेते. पण खिडकीतलं माणूस उठत नाही. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 साली याच मुद्द्यावर लिहिलं होतं, की लांबच्या प्रवासात खिडकीशी बसणारे कमी हालचाल करतात आणि त्यामुळे पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात बराच वेळ बसून राहिलं तर हा धोका साधारण दुप्पट होतो. एकूण प्रमाण कमीच आहे, सुमारे 6000 प्रवाशांत एक, त्यामुळे घाबरू नका. पण वय, सुजणारे पाय आणि न प्यायलेलं पाणी हे सगळं एका माणसात एकत्र आलं की मला तो हिशेब नको वाटतो. त्यात विमानातली हवा कोरडी. बोइंग 787 किंवा एअरबस ए350 मध्ये हवेचा दाब साधारण 6000 फुटांवरचा ठेवतात, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडं वर बसल्यासारखं. बऱ्याच जुन्या विमानांत तो 8000 फुटांपर्यंत जातो. त्यामुळे दोन तिकिटांच्या किमतीत फार फरक नसेल तर मी आता आधी विमान कुठलं आहे ते बघते.

आइलमध्येही फरक असतो, हे मला फार उशिरा कळलं. बोइंग 777 मध्ये बहुतेक ठिकाणी एका ओळीत 3-4-3 अशा सीट असतात. कडेच्या तिघांतली आइल, म्हणजे सी, घेतली तर आतल्या दोघांना दरवेळी तुमच्यावरूनच जावं लागतं. मधल्या चारांतली आइल घेतली तर फार तर एकच माणूस तुम्हाला उठवतो, कारण दुसऱ्याला पलीकडची वाट असते. नवरा-बायको असतील तर मधल्या चारांतली आइल आणि तिच्या शेजारची अशी जोडी घ्या. आतल्याला उठायचं असलं तरी उठवायचं आपल्याच माणसाला.

याहून चांगली जागा 777-300 च्या अगदी मागे असते. तिथे विमान निमुळतं होतं, म्हणून बऱ्याच कंपन्यांच्या शेवटच्या काही ओळींत खिडकीच्या बाजूला तीनऐवजी दोनच सीट असतात. खिडकी आणि आइल, मध्ये तिसरा कुणी नाही. मागे हलतं थोडं जास्त, आवाजही जास्त, आणि उतरायला वेळ लागतो. पण व्हीलचेअर सांगितलेल्या प्रवाशांना तसंही बहुधा सगळ्यात शेवटी उतरवतात, मग पुढच्या सीटसाठी जास्त पैसे भरून त्यांना काय मिळणार? फक्त अगदी शेवटची ओळ टाळा, तिथे सीटची पाठ नीट मागे जात नाही आणि स्वच्छतागृहाची रांग डोक्याशी उभी असते.

पाय पसरायला मिळतात म्हणून संकटकालीन दाराजवळची ओळ अनेकांना सुचते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या किंवा व्हीलचेअर घेतलेल्या माणसाला ती देतच नाहीत, कारण वेळ आली तर दार उघडायला मदत करावी लागते. भिंतीसमोरची पहिली ओळही दिसते तेवढी सुखाची नाही. तिथे टीव्ही आणि ट्रे सीटच्या हातात बसवलेले असल्यामुळे तो हात वर उचलता येत नाही, उड्डाणाच्या वेळी पर्स वर ठेवावी लागते म्हणजे गोळ्यांचा डबाही वर जातो, आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लागतात.

एक छोटी गोष्ट बाबांना मी व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. बऱ्याच विमानांत सीटचा आइलकडचा हातही वर होतो. त्याच्या खालच्या बाजूला, मागे बिजागरीपाशी बोटाने चाचपलं की एक बारीक कळ लागते. ती दाबून हात वर केला की गुडघे बाहेर वळवून सरळ उभं राहता येतं. बाबांचे गुडघे आखडलेले असतात, त्यांना याचा फार उपयोग झाला. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी तो खाली घ्यायचा, एवढंच.

आणि "शेजाऱ्याला विनंती करू, देतील बदलून" यावर विसंबू नका. त्यानेही विचार करून, कदाचित पैसे भरून ती जागा घेतलेली असते. आईसारख्या माणसाला तर ती विनंती करणंही जड जातं.

या ऑक्टोबरात दोघं पुन्हा येताहेत. मागच्या दोनच्या ओळीतली जोडी मी तिकिटाबरोबरच घेतली, आईला आइल, बाबांना खिडकी. बाबा कुरकुरले, पण रात्री दोनदा उठायची सवय आईला आहे, त्यांना नाही. ऐन वेळी विमान बदललं की सीटही बदलतात, म्हणून दर आठवड्याला बुकिंग उघडून बघते. कालच बघितलं, 43 ए आणि 43 सी अजून त्यांच्याच नावावर आहेत.