डोंगर हलत नाही, पण तो तुमच्या डेटाबेसमध्ये आहे का?

पोर्टेबल जीपीएस घेऊन उडणाऱ्या हौशी पायलटांमध्ये एक मजकूर बरीच वर्षं फिरतोय. शब्द दर वेळी थोडे बदलतात, सार तेच राहतं. डोंगर काही हलत नाहीत, त्यामुळे टेरेनचा, म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाचा, डेटा एकदा भरला की जन्माला पुरतो. जुन्या-नव्यात फरक असलाच तर चार-दोन फुटांचा. नेव्हिगेशनचा, म्हणजे विमानतळ नि हवाई मार्गांचा, डेटा नियमित टाकला की बाकीचं त्यातच येतं. नवा टेरेन डेटा हा कंपन्यांचा पैसे उकळायचा धंदा आहे. अपडेटच्या नादात चांगलं चालणारं युनिट, म्हणजे जीपीएसचं यंत्र, बंद पडतं. आणि मशीन उगाच ओरडायला लागलं तर जमीन जवळ आल्याची टेरेनची सूचना सरळ बंद करा, डोळे आहेतच.

यातलं सगळंच खोटं नाही, हीच अडचण आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा डोंगर हलत नाहीत हा. तसे ते हलतात. १८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्सचा माथा उडाला आणि ९,६७७ फुटांचा डोंगर ८,३६३ फुटांवर आला. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातला अनाक क्राकाताउ कोसळला, ३३८ मीटरचा होता तो ११० मीटरचा उरला. मेक्सिकोत १९४३ साली मक्याच्या शेतातून पारिकुतिन ज्वालामुखी वर आला आणि नऊ वर्षांत ४२४ मीटर वाढला. पण ही उदाहरणं तोंडावर फेकून वाद जिंकण्यात मला रस नाही. असं क्वचित घडतं, आणि ढासळलेला डोंगर जुन्या डेटात उंच दिसत राहिला तर ती चूक निदान जीव घेत नाही. दाव्यातली खरी खोट वेगळीच आहे.

युनिटमध्ये डोंगर नसतो. कुणीतरी, कधीतरी, हाताशी असलेल्या साधनाने घेतलेली डोंगराची मापं असतात. डोंगर आहे तिथेच राहतो, मापं सुधारत जातात. अपडेट होतात ती ही मापं.

ती कशी घेतली गेली हे एकदा बघितलं की 'जन्माला पुरतो' म्हणायची हिंमत होत नाही. १९९६ साली पूर्ण झालेल्या जीटोपो३० या जागतिक उंची-संचात ३० आर्क-सेकंदाला (आर्क-सेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) एक आकडा होता, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे ९०० मीटरच्या चौकोनाला मिळून एकच उंची. तोही वेगवेगळ्या देशांच्या वेगवेगळ्या दर्जाच्या नकाशांतून गोळा केलेला. मग फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अमेरिकी अंतराळयानातून जमिनीची उंची मोजणारी एसआरटीएम मोहीम झाली. ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून ११ दिवसांच्या त्या फेरीत रडारने बहुतेक जमीन मोजली. काम अफाटच होतं. पण यानाची कक्षा अशी की ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढाच पट्टा हाती लागला, त्याच्या पलीकडचं दुसरीकडून आणावं लागलं. शिवाय रडार तिरकं बघतं. उभ्या कड्यांच्या मागे त्याची सावली पडते, त्यामुळे उंच, खडबडीत पर्वतांत डेटाला भोकं पडली. ती पुढे आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजाने किंवा इतर स्रोतांतून बुजवली गेली.

थोडक्यात, डोंगर जितका बिकट तितकी तिथली मापं कच्ची. पायलटला नेमकी तिथेच पक्की हवी असतात! एसआरटीएमची ३० मीटरची बारीक मापं अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी २०१४ पासून खुली होत गेली, तोवर ९० मीटरवर भागवावं लागत होतं. पुढे टॅनडेम-एक्स या जर्मन उपग्रहजोडीने सगळी जमीन नव्याने मोजली आणि २०१६ साली १२ मीटरचा संच तयार झाला. या काळात एकही डोंगर आपली जागा सोडून गेला नव्हता.

मापं नुसती कच्ची असतात असंही नाही, कधीकधी ती मुळात नसतातच. १४ मार्च २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ तटरक्षक दलाचं एस-९२ हेलिकॉप्टर, रेस्क्यू ११६, ब्लॅक रॉक नावाच्या बेटावर आदळलं आणि चारही जण गेले. हेलिकॉप्टर समुद्रापासून २०० फुटांवर होतं, बेट २८२ फुटांचं. त्या बेटावर १८६४ पासून दीपगृह उभं आहे. तपासात आढळलं की हेलिकॉप्टरमधल्या जमीन-सूचना यंत्रणेच्या डेटाबेसमध्ये ना ते बेट होतं, ना त्यावरचं दीपगृह. अपघाताला इतरही कारणं होती आणि ती यंत्रणा पोर्टेबल नव्हती, चांगली प्रमाणित होती. पण दीडशे वर्षं दिवा लागत असलेला खडक डेटाबेसमधून निसटू शकतो, एवढं 'डोंगर हलत नाहीत' म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावं. अशी गळालेली जागा भरली जाते ती पुढच्या आवृत्तीत. ती आवृत्ती तुम्ही टाकलीच नाही तर तुमच्या पडद्यावर तिथे समुद्रच राहणार.

आता 'चार-दोन फुटांचा फरक' घ्या. मला हा दावा सर्वांत मजेशीर वाटतो, कारण आंतरराष्ट्रीय मानकच तेवढी अचूकता मागत नाही. आयकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत देशाच्या सर्वसाधारण प्रदेशासाठी टेरेनची मापं ३ आर्क-सेकंदांवर, म्हणजे सुमारे ९० मीटरवर, आणि उंचीत ३० मीटरपर्यंतची चूक चालेल असं धरलेलं आहे. ३० मीटर म्हणजे जवळपास १०० फूट. विमानतळाच्या आसपास मात्र हीच मर्यादा ३ मीटरवर येते.

बहुतेक पोर्टेबल युनिटांचा रंगांचा हिशेब याच्याशेजारी ठेवून बघा. तुमच्या खाली १०० फुटांच्या आत किंवा तुमच्याहून उंच असलेली जमीन लाल, १०० ते १,००० फूट खाली असलेली पिवळी. म्हणजे मानकात बसणारी चूकसुद्धा पिवळ्याचं लाल किंवा लालचं पिवळं करायला पुरेशी आहे.

चौकोनाच्या आकाराचाही प्रश्न आहे. १०० नॉटने (ताशी सुमारे १८५ किलोमीटर) जाणारं विमान ९०० मीटरचा चौकोन १८ सेकंदांत ओलांडतं. त्या चौकोनात एक अरुंद दरी आणि शेजारी एक सुळका असेल तर युनिटला दोन्ही मिळून एकच उंची सांगायची आहे. सरासरी सांगितली तर सुळका खुजा होतो आणि पडद्यावर तुम्ही सुरक्षित दिसता. सर्वांत उंच बिंदू सांगितला तर सुळका खरा दिसतो, पण दरीही त्याच्याएवढी उंच होते, आणि दरीतून नीट चाललेल्या विमानाच्या चहूबाजूंनी लाल पसरतं. जुन्या युनिटवर डोंगराळ भागात उडालेल्या कुणालाही हा लाल पडदा ओळखीचा असेल. मशीन उगाच ओरडतं ही तक्रार अनेकदा इथून येते. म्हणजे तक्रार जाड्याभरड्या डेटाची, आणि फिरत्या मजकुरातला उपाय काय, तर तोच जुना डेटा ठेवा नि आवाज बंद करा.

'नेव्हिगेशनचा डेटा टाकला की बाकीचं त्यात येतं' हे साफ चूक, पण दोन ओळींत संपणारं. नेव्हिगेशनच्या फाइली एअरॅक या हवाई माहिती बदलण्याच्या २८ दिवसांच्या आंतरराष्ट्रीय चक्रावर येतात. अमेरिकेत अडथळ्यांची, म्हणजे टॉवर, धुराडी, पवनचक्क्यांची फाइल ५६ दिवसांची. टेरेनला ठरलेलं चक्रच नाही, तयार झाली की येते. फाइली वेगळ्या, एक टाकून दुसरी बदलत नाही.

इथे अडथळ्यांबद्दल थोडं विषयांतर, कारण टेरेनच्याच पडद्यावर ते दिसतात आणि लोक दोन्ही एकच समजतात. डोंगर हलत नसेल, टॉवर मात्र सहा आठवड्यांत उभा राहतो. आणि ताजी फाइल टाकली म्हणजे सगळे अडथळे आले असंही नाही. अमेरिकेत साधारण २०० फुटांपेक्षा कमी उंचीच्या बांधकामाची, विमानतळापासून दूर असेल तर, पूर्वसूचना द्यावी लागत नाही. आयकाओच्या नियमांत देशभरासाठी १०० मीटर आणि त्यावरचेच अडथळे मागितले आहेत. वाऱ्याचा वेग मोजायचे बारीक खांब, दरीवरून गेलेल्या तारा यांतलं बरंच काही कुठल्याच फाइलमध्ये नसतं. अपडेट करा म्हणणारे आम्हीही कधीकधी 'अपडेट केलं की निर्धास्त' असं बोलून जातो. तेही तितकंच चूक.

पैशांच्या आरोपात तथ्य आहे, ते मान्य करतो. टेरेनच्या फाइलवर मुदत संपण्याची तारीख नसते, दर महिन्याला ती विकत घ्यायची काहीच गरज नाही, आणि कुणी तसं सुचवत असेल तर त्याच्याकडे संशयानेच बघावं. पण यावरून निघतं एवढंच, की नवी आवृत्ती आली आहे का हे अधूनमधून बघावं, त्यात कोणते प्रदेश बदलले ते वाचावं, आपण उडतो तो प्रदेश त्यात असेल तर घ्यावी. दहा वर्षं ढुंकून बघू नका असं त्यातून निघत नाही. काही जुन्या युनिटांत मेमरीच इतकी कमी असते की बारीक डेटा मावत नाही. तिथे वाद संपला, फक्त आपल्या पडद्यावर किती मोठे चौकोन आहेत हे ठाऊक असू द्या.

'अपडेटने युनिट बंद पडतं' हेही घडतं. माझ्या एका युनिटचं टेरेनचं पान असंच अर्ध्यावर राहिलं होतं, आणि चूक शंभर टक्के माझी. फाइल मोठी, बॅटरी अर्धी, निघायची घाई, आणि वायर सैल. टेरेनची फाइल नेव्हिगेशनच्या फाइलपेक्षा कितीतरी मोठी असते आणि कार्डावर उतरायला वेळ घेते. हे काम विमानाशेजारी उभं राहून करायचं नसतं. आदल्या दिवशी, चार्जर लावून, मध्ये हात न घालता करावं. झाल्यावर युनिटच्या डेटाबेसच्या पानावर जाऊन आवृत्ती आणि प्रदेश दोन्ही वाचावेत. एका खंडासाठी घेतलेल्या युनिटमध्ये दुसऱ्या खंडाचा बारीक डेटा नसू शकतो.

त्यानंतर मी करतो ती एक गोष्ट सांगतो. बहुतेक पोर्टेबल युनिटांत सिम्युलेटरची सोय असते. ती चालू करून आपल्या नेहमीच्या मार्गावरच्या एखाद्या नावाजलेल्या शिखरावर जागा न्यायची, उंची शिखरापेक्षा ५०० फूट वर ठेवायची आणि पिवळं दिसतं का बघायचं. मग ५० फुटांवर यायचं, लाल झालं पाहिजे. छापील नकाशावरची शिखराची उंची शेजारी ठेवायची. दोन-तीन शिखरं आणि एखादी अरुंद दरी तपासली की आपला डेटा कुठे खरा बोलतो नि कुठे फुगवून सांगतो, हे जमिनीवर बसूनच कळतं.

राहिला शेवटचा सल्ला, सूचना बंद करण्याचा. ९ मे २०१२ रोजी इंडोनेशियात सुखोई सुपरजेटच्या प्रात्यक्षिक उड्डाणात ४५ जण होते. विमान ढगात, पुढे सालाक पर्वत. धडकेच्या ३८ सेकंद आधी यंत्रणेने पुढे जमीन असल्याची सूचना दिली आणि मग पुन्हा पुन्हा देत राहिली. कॅप्टनने ती दाबून टाकली, कारण डेटाबेसमध्येच काही घोळ असावा असं त्याला वाटलं. त्या भागात डोंगर आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्या सूचनेनंतर २४ सेकंदांच्या आत विमान वर खेचलं असतं तर धडक टळली असती, असं तपासात सिम्युलेटरवर दिसलं. डेटाबेसमध्ये घोळ नव्हता. सालाक त्यात होता.