घरात फोन आहे, पण कुणाच्या हातात?

‘घरोघरी स्मार्टफोन पोचला, शिकण्यातली दरी मिटली’ हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. फोन घरात असणं वेगळं आणि तो अभ्यासाला मिळणं वेगळं. ‘असर’ या ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालातच बघा: १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, पण आदल्या आठवड्यात तो शिकण्यासाठी वापरलेली मुलं ५७ टक्केच.

मी खेड्यातल्या शाळेत सहावीला गणित शिकवते. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं मला मनापासून कौतुक आहे; फोननं तो स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी एकच फोन, तो दिवसभर वडिलांबरोबर रानात. रात्री आठला घरी येतो तेव्हा चार्जिंग संपत आलेलं असतं, वर धाकट्याला कार्टून हवं असतं. तरी ही पोर अपूर्णांकांच्या भागाकाराचा व्हिडिओ थांबवत थांबवत बघते आणि जिथे अडलं ते मिनिट-सेकंद वहीच्या समासात पेन्सिलीनं लिहून आणते. “बाई, इथे दुसरा अपूर्णांक उलटा का केला?” इतक्या वर्षांत नुसतं पुस्तक वाचून हे मला कुणी विचारलं नव्हतं! त्या दिवशी आम्ही अख्खा तास कागदाच्या पट्ट्या कापण्यात घालवला.

आता शाळा सुटल्यावर तासभर शाळेतला टॅब मुलांना देतो. डेटाचे पैसे आम्ही शिक्षकच भरतो. लेखकानं या खर्चाबद्दल एक ओळ तरी लिहायला हवी होती.