केनियाचं मंत्रिमंडळ खरंच घरी गेलं का?

केनियाबद्दलचा एक मजकूर फिरत फिरत बऱ्याच मराठी गटांत पोचला आहे. त्याचा गोषवारा असा: २०२४ मध्ये केनियाच्या तरुणांनी रस्त्यावर उतरून अख्खं मंत्रिमंडळ घरी बसवलं, राष्ट्राध्यक्षांनी भ्रष्ट मंत्री हाकलून तज्ज्ञ आणले, करवाढही रद्द झाली, आणि आपल्याकडे मात्र एक मंत्रीही जागचा हलत नाही. शेवटी नेहमीप्रमाणे ‘जागे व्हा’.

त्या तरुणांबद्दल मला आदरच आहे. जून २०२४ मध्ये नैरोबीत जे घडलं ते साधं नव्हतं. सुमारे ३४६ अब्ज शिलिंग जास्तीचे उभे करायचे म्हणून सरकारने करवाढीचं वित्त विधेयक आणलं होतं. २५ जूनला ते १९५ विरुद्ध १०६ मतांनी मंजूर झालं, त्याच दुपारी जमाव संसदेत घुसला आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करणार नाही असं जाहीर केलं. तिथल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १ जुलैपर्यंतच्या आंदोलनातल्या मृत्यूंचा आकडा ३९ दिला. आंदोलनाला ठरलेला नेता नव्हता, पक्ष नव्हता, जातीजमातींचं नेहमीचं गणित नव्हतं. म्हणूनच त्यानंतर मंत्रिमंडळाचं जे झालं ते नीट सांगायला हवं. फिरणारा मजकूर नेमका तिथेच गंडवतो.

‘अख्खं मंत्रिमंडळ’ हा पहिला दावा. ११ जुलैला रुटोंनी सगळ्या कॅबिनेट सेक्रेटरींना, म्हणजे आपल्या भाषेत मंत्र्यांना, आणि महाधिवक्ता जस्टिन मुटुरी यांना बडतर्फ केलं, हे खरं. पण परराष्ट्र खातं सांभाळणारे प्रधान मंत्रिमंडळ सचिव, म्हणजे मंत्र्यांत सगळ्यांत ज्येष्ठ, मुसालिया मुडावाडी जागेवरच राहिले. उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गचाग्वाही राहिले, कारण ते रुटोंच्या जोडीने निवडून आलेले आणि त्यांना एका सहीने काढायचा अधिकार राज्यघटना राष्ट्राध्यक्षाला देतच नाही. मधल्या काळात खाती प्रधान सचिवांनी, म्हणजे अधिकाऱ्यांनी चालवली. बरं, असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये नव्या घटनेच्या मसुद्यावरचं सार्वमत हरल्यावर म्वाई किबाकी यांनीही मंत्रिमंडळ बरखास्त केलं होतं आणि पुढच्या महिन्यात विरोधात गेलेल्यांना वगळून नवं बनवलं होतं. त्या सार्वमतात ‘नाही’ची खूण संत्रं होती. आजचा ओडीएम, म्हणजे ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट हा पक्ष त्याच संत्र्यातून निघाला. तो पुढे येणारच आहे.

‘भ्रष्ट गेले, तज्ज्ञ आले’ या दुसऱ्या दाव्यापाशी मात्र थांबायला हवं.

१९ आणि २४ जुलैला रुटोंनी दोन याद्या जाहीर केल्या. महाधिवक्तापद सोडून मंत्रिपदांसाठी एकूण २० नावं संसदेपुढे गेली. त्यांतली बरोबर निम्मी, म्हणजे १०, नुकत्याच बडतर्फ झालेल्यांची होती: नऊ मंत्री आणि दहावे मुटुरी, जे तेव्हा सार्वजनिक सेवा खात्याचे मंत्री झाले. अदेन दुआले आणि सोइपान तुया यांनी आपापसांत खाती बदलली. एकाकडे संरक्षण होतं, दुसरीकडे पर्यावरण, ते उलटं झालं. किपचुंबा मुर्कोमेन रस्ते खात्यातून युवक आणि क्रीडा खात्यात गेले. आंदोलन तरुणांचं होतं हे लक्षात घेतलं तर ही नेमणूक कुणाला सुचली असेल याचं मला कुतूहल आहे. ॲलिस वाहोमे यांना त्यांचंच जमीन खातं परत मिळालं.

आणि किथुरे किंडिकी. जूनमध्ये गोळीबार झाला तेव्हा गृहखातं त्यांच्याकडे होतं. पोलीस महानिरीक्षक जॅफेट कूमे यांनी १२ जुलैला राजीनामा दिला, किंडिकी मात्र पहिल्याच यादीत, त्याच खात्यावर परतले. ऑक्टोबरमध्ये संसदेने महाभियोग चालवून गचाग्वा यांना काढलं आणि १ नोव्हेंबरला उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती याच किंडिकींनी. ‘घरी बसवलेल्या’ मंत्र्यांपैकी एक चार महिन्यांच्या आत देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर बसला, ही गोष्ट त्या मजकुरात कुठेच नाही.

काही जण खरोखर गेले, तेही सांगतो. अर्थमंत्री न्जुगुना न्डुंगू परतले नाहीत. बनावट खताच्या प्रकरणात मे महिन्यात महाभियोगातून वाचलेले कृषिमंत्री मिथिका लिंटुरीही नाहीत. पण गेलेल्या सगळ्यांवर ‘भ्रष्ट’ असा शिक्का मारायला काही आधार नाही. रुटोंनी कुणावर नाव घेऊन ठपका ठेवला नव्हता. वगळलेल्यांतले काही मागच्या दाराने आलेही. मोझेस कुरिया राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार झाले, एलियुड ओवालो त्यांच्याच कार्यालयात उच्च पदावर गेले. नव्या चेहऱ्यांत पाणी खात्यावर एक तरुण अभियंता आला, आरोग्य खात्यावर डॉक्टर आल्या, हे चांगलंच झालं. त्यावरून अख्ख्या यादीला तज्ज्ञांचं मंत्रिमंडळ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. संसदेने या २० पैकी एकच नाव नाकारलं, महिला व बालकल्याणच्या धर्तीच्या खात्यासाठी सुचवलेल्या स्टेला सोय लांगाट यांचं. बाकी १९ जणांनी ८ ऑगस्टला शपथ घेतली.

या फेरबदलाचा खरा अर्थ कळतो तो चार नावांवरून: जॉन म्बाडी, ओपियो वांडायी, हसन जोहो, वायक्लिफ ओपारान्या. चौघेही राइला ओडिंगा यांच्या ओडीएमचे, आणि किरकोळ कार्यकर्ते नव्हेत. म्बाडी पक्षाचे अध्यक्ष, वांडायी संसदेतले विरोधी पक्षनेते, जोहो आणि ओपारान्या माजी गव्हर्नर आणि ओडिंगांचे उपनेते. २०२२ च्या निवडणुकीत रुटोंना ५०.४९ टक्के मतं होती, ओडिंगांना ४८.८५. म्हणजे ज्या पक्षाने त्यांना जवळजवळ हरवलं होतं, त्याचीच वरची फळी रुटोंनी उचलून सत्तेत बसवली. अर्थ खातं म्बाडींकडे, ऊर्जा वांडायींकडे. सरकारी भाषेत हे ‘व्यापक पायाचं सरकार’. रस्त्यावरचे लोक याला ‘नुसु म्काटे’ म्हणतात, अर्धी पोळी वाटून खाणं.

तरुणांची मागणी ही होती? विधेयक मागे घेतल्यावर घोषणा ‘रुटो जा’ अशी झाली होती. सत्तेत विरोधकांना वाटा द्या असं कुणी म्हणत नव्हतं. उलट सगळे राजकारणी एकाच ताटातले, हाच तर त्यांचा राग होता. फेरबदलानंतर रुटोंची खुर्ची स्थिरावली आणि संसदेत सरकारला अडवणारं बळ कमी झालं. विरोधी पक्षनेतेपद तरीही ओडीएमकडेच राहिलं, म्हणजे अर्थमंत्री ज्या पक्षाचा, सरकारला जाब विचारणाराही त्याच पक्षाचा. मार्च २०२५ मध्ये रुटो आणि ओडिंगा यांनी रीतसर करारावर सह्या केल्या. ओडिंगा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उपचारांसाठी आले असताना केरळात वारले. आपल्याकडे बऱ्याच जणांनी त्यांचं नाव तेव्हाच पहिल्यांदा वाचलं असेल.

‘आपल्याकडे एक मंत्री हलत नाही’ याला उत्तर थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुजरातेत मुख्यमंत्री सोडून सगळ्या, म्हणजे १६ मंत्र्यांचे राजीनामे घेतले गेले आणि दुसऱ्या दिवशी नवं मंत्रिमंडळ आलं, त्यात काही जुनेही होते. ओळखीचं वाटतंय ना? तुलना करायचीच तर एक मोठा फरक ध्यानात घ्या. आपल्याकडे मंत्र्याला सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. केनियात २०१० च्या घटनेनुसार मंत्री संसद सदस्य असूच शकत नाही. त्यामुळे वांडायींना उगुंजाची जागा सोडावी लागली, आणि तिथल्या निवडणूक आयोगावर तेव्हा आयुक्तच नेमलेले नसल्यामुळे पोटनिवडणूक व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. वर्षभराहून जास्त काळ उगुंजाच्या मतदारांना खासदार नव्हता. फेरबदलाची ही किंमत कुणी मोजत नाही.

राहिला करांचा दावा. विधेयक मागे घेतलं गेलं, हा आंदोलनाचा निर्विवाद विजय, आणि तो मंत्रिमंडळ बरखास्तीच्या पंधरा दिवस आधीचा. दोन्ही गोष्टी एकाच माळेत ओवायचं कारण नाही. शिवाय तो विजय पूर्ण टिकलाही नाही. जुलैतच रस्ते देखभालीचा अधिभार इंधनाच्या लिटरमागे १८ वरून २५ शिलिंग झाला. ज्या ओडीएमने संसदेत विधेयकाला विरोध केला, त्याच पक्षातून आलेल्या म्बाडींनी अर्थमंत्री झाल्यावर काही आठवड्यांतच सांगितलं की रद्द झालेल्यातल्या काही तरतुदी परत आणाव्या लागतील. कर्जाचे हप्ते थांबत नव्हते, त्यांच्याकडे दुसरा मार्ग फारसा नव्हताही. वर्ष संपायच्या आत करसुधारणेचे नवे कायदे संसदेत आले; परदेशी डिजिटल कंपन्यांवरच्या करासारख्या जून महिन्यातल्या काही तरतुदी त्यांत होत्या. ११ डिसेंबर २०२४ ला रुटोंनी त्यांवर सही केली.