'लहान मुलाचा डोस द्या' म्हणणाऱ्या फॉरवर्डला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कुत्र्याचं नाक कोरडं आणि अंग गरम लागलं की ताप समजा. ताप, लंगडणं, मुका मार, कशावरही घरातली अंगदुखीची गोळी चालते. डोस लहान मुलाचा, वजनानुसार. मांजराला त्याच्या निम्मा. दह्यात चुरून भरल्या पोटी दिली की अपाय नाही. जास्त झालीच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा. गुरांना वर्षानुवर्षं हेच देतात आणि डॉक्टरही हेच देतात, फक्त पाचशे रुपये घेऊन. खाली हात जोडलेले, 'मुक्या जिवांसाठी पुढे पाठवा'.

माझं मेडिकल आहे. हा मेसेज मोबाइलवर उघडून माणूस काउंटरशी येतो, बोटानं गोळीचं नाव दाखवतो आणि 'दोन सुट्ट्या द्या' म्हणतो. त्याचा हेतू वाईट नसतो. रात्री नऊनंतर आमच्याकडे माणसांचा डॉक्टर मुश्किलीनं मिळतो, कुत्र्याचा कुठून मिळणार? तरीही या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासू.

नाक आणि ताप. निरोगी कुत्र्याचं अंगच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, आपलं 98.6 च्या आसपास. म्हणजे ठणठणीत कुत्रंही आपल्या हाताला तापलेलंच लागणार. नाक तर उन्हात झोपून उठलं तरी कोरडं असतं. ताप बघायचा तर थर्मामीटर शेपटीखाली लावावा लागतो, टोकाला तेल लावून आणि एकानं डोकं धरून. आणि खरंच ताप निघाला तर आपल्या भागात पहिला संशय गोचिडांचा. गोचीड तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटतात, कधीकधी नाकातून रक्त येतं. अशा कुत्र्याला जठरातून रक्त काढू शकणारी गोळी द्यायची म्हणजे गळक्या पिंपाला आणखी एक भोक पाडायचं.

आता मुख्य गोष्ट, 'वजनानुसार डोस'. ऐकायला हे शास्त्रीय वाटतं, म्हणूनच लोक फसतात. वजन हा हिशोबाचा निम्मा भाग झाला. उरलेला निम्मा म्हणजे ते अंग औषध किती वेळात बाहेर टाकतं. अंगदुखीच्या गोळ्यांतलं आयबुप्रोफेन आपल्या रक्तात दोनेक तासांत निम्मं होतं. कुत्र्यात त्याला साडेचार तास लागतात, कारण पित्तावाटे आतड्यात उतरलेलं औषध तिथून पुन्हा रक्तात शोषलं जातं. तसल्याच दुसऱ्या औषधाचं, नेप्रोक्सेनचं, तर विचारूच नका. आपल्यात ते 12 ते 17 तासांत निम्मं होतं, कुत्र्यात 74 तासांपर्यंत लागू शकतात. सकाळ-संध्याकाळ एकेक या माणसांच्या हिशोबानं तिसऱ्या दिवशी सहावी गोळी पोटात जाते, तेव्हा पहिली अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असते. आपल्याला वाटतं आपण एक गोळी दिली. कुत्र्याच्या रक्तात गोळ्यांची थप्पी लागलेली असते.

ही थप्पी करते काय? दुखणं आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू द्यायची नाहीत, हे या गोळ्यांचं काम. पण त्याच रसायनांतली काही जठराचं अस्तर शाबूत ठेवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त सांभाळतात. तीही बंद पडली की आधी जठराला जखमा होतात, मग मूत्रपिंड. आयबुप्रोफेन एका वेळी किलोमागे 25 मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की उलट्या आणि जखमांचा धोका सुरू होतो, 175 च्या पुढे मूत्रपिंडाचा. चार किलोच्या पामेरियनला 400 ची अर्धी गोळी म्हणजे किलोमागे 50. 'अर्धीच तर दिली' हे वाक्य काउंटरवर ऐकलं की मी मनात हा भागाकार करतो.

हा भागाकार मी शिकलो तो एका पामेरियनमुळेच. नेहमीच्या गिऱ्हाइकानं कंबरदुखीची स्ट्रिप नेली, मी दिली, कुणासाठी हे विचारलं नाही. चौथ्या दिवशी ते कुत्रं टॉवेलमध्ये गुंडाळून दुकानात घेऊन आले. हिरड्या पांढऱ्याफटक. आणि टॉवेलवर डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शी. काळी शी म्हणजे पोटात वर कुठेतरी वाहून पचलेलं रक्त. मालकांना वाटत होतं, कुत्र्यानं काहीतरी खाल्लं असावं. खाल्लं होतं ते माझ्याच दुकानातलं. सलाइन, इंजेक्शनं, आठवडाभर दवाखान्याच्या फेऱ्या, आणि वाचलं. तेव्हापासून 'कुणासाठी?' विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी मी देत नाही. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं.

पॅरासिटामॉलचं गणित वेगळं. ते जठरापेक्षा यकृतावर घाला घालतं. एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूची, आणि ती मान्य करायला हवी: पशुवैद्य काही वेळा कुत्र्याला पॅरासिटामॉल देतात, आणि ब्रिटनमध्ये कोडीनबरोबरची त्याची गोळी खास कुत्र्यांसाठी परवाना घेऊन विकली जाते. पण ते देतात किलोमागे साधारण 10 ते 15 मिलिग्रॅम, त्या ब्रिटिश गोळीत 33 च्या आसपास, आणि यकृत धड आहे याची खात्री करून. आपल्या घरात पडलेली असते 650 ची. पाच किलोच्या कुत्र्याला ती अख्खी गेली की किलोमागे 130. साधारण 100 च्या आसपास यकृत मार खायला लागतं.

मांजराला निम्मा डोस, हे मात्र या मेसेजमधलं सगळ्यात घातकी वाक्य. पॅरासिटामॉल निकामी करायला यकृताला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते मांजरात जवळजवळ नसतंच. त्यामुळे औषध दुसऱ्या वाटेनं जाऊन तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिनच बिघडवतं. हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. 500 ची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. निम्मा, पाव, चिमूटभर, मांजराला काहीच नाही.

दह्यात चुरून, भरल्या पोटी. आपल्याला डॉक्टर 'जेवणानंतर' सांगतात, तिथून हे आलं असावं. पण जठराचं मुख्य नुकसान गोळी आतून चरचरल्यामुळे होत नाही, ते रक्तावाटे होतं. गोळी दह्यात, पेढ्यात किंवा मटणाच्या तुकड्यात घाला, रक्तात ती जाणारच. उलट चवीनं खाल्ल्यामुळे कुत्रं ती थुंकत नाही, एवढाच फरक. काही जण मग लहान मुलांच्या सिरपकडे वळतात. त्यांतल्या काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं. ते आपल्याला निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या शरीरात त्यानं एकदम इन्सुलिन सुटतं आणि रक्तातली साखर कोसळते.

डॉक्टरही हेच देतात? औषधाचं नाव कधीकधी तेच असतं, हे खरं. मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध माणसांनाही देतात आणि कुत्र्यांनाही. पण दहा किलोच्या कुत्र्याला रोजचा डोस बसतो साधारण 1 मिलिग्रॅम, आणि माझ्या कपाटातली गोळी आहे 15 ची. तिचे पंधरा सारखे तुकडे करून दाखवा. मी ब्लेडनं करून पाहिलंय, पाचव्या तुकड्याला भुगा होतो. कुत्र्यांसाठी थेंबांनी मोजायचं पातळ मेलॉक्सिकॅम मिळतं, कार्प्रोफेनच्या गोळ्या मिळतात. पाचशे रुपये त्या गोळीचे नसतात. आधीपासून स्टेरॉइड चालू आहे का, मूत्रपिंड कसं आहे, पाय मुरगळलाय की मोडलाय, हे बघण्याचे असतात. खाजेवर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असताना वरून दुखण्याची गोळी दिली की जठराला भोकच पडायची पाळी येते. आणि मोडलेल्या पायाचं दुखणं दाबलं तर कुत्रं त्याच पायावर पळतं.

गुरांचा दाखला तर उलटाच आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचंच औषध जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्या देशात 99 टक्क्यांहून जास्त संपली, ती यानं. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरवर आणली. 2023 मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झालं. ॲसिक्लोफेनॅक अंगात गेल्यावर त्याचं डायक्लोफेनॅकच होतं. आणि आपल्याकडच्या कंबरदुखीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर बहुतेक वेळा तेच असतं.

मिठाचं पाणी पाजू नका. उलटी झाली नाही तर मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम चढतं, झटके येतात. गोळीऐवजी दुखण्याचं मलमही लावू नका: कुत्रं ते चाटणारच, आणि चोळलेला गुडघा तुमचा असला तरी चाटणार. अमेरिकेत 2015 मध्ये औषध प्रशासनानं इशारा दिला होता, कारण मालकांनी स्वतःच्या अंगाला लावलेल्या फ्लर्बिप्रोफेन या दुखण्याच्या औषधाच्या मलमामुळे घरातली मांजरं दगावली होती.

एवढं सगळं सांगून झालं की काउंटरपलीकडून हमखास येतं, 'मागच्या वर्षी आमच्या मोत्याला दिली होती, काही झालं नाही.' रोज किलोमागे फक्त 8 मिलिग्रॅम आयबुप्रोफेन महिनाभर दिलेल्या कुत्र्यांच्या जठरात जखमा सापडल्या होत्या आणि बाहेरून ती कुत्री धडधाकट दिसत होती. मोत्याचं पोट उघडून कुणी पाहिलं?

गोळी गेलीच असेल तर उलटीची वाट बघू नका. पहिले काही तास कुत्रं अगदी बरं दिसतं आणि उपचाराचा खरा उपयोग त्याच तासांत असतो. फोनवर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम, किती वाजता दिली, आणि कुत्र्याचं वजन. वजन माहीत नसेल तर कुत्रं उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. माझ्या दुकानाबाहेर काटा आहे, कुत्र्याचे पैसे घेत नाही. आणि रिकामी स्ट्रिप फेकू नका, खिशात घालून न्या.