‘उद्या माणूस पाठवतो!’

कॉम्प्युटरच्या मेन्टेनन्सचा वार्षिक करार करताना या सर्व्हिसवाल्यांचं काय ते गोड बोलणं! आणि मशीन बंद पडलं की? “माणूस चिपळूणला गेलाय, उद्या पाठवतो.” उद्या म्हणजे कधी, गणपती झाल्यावर?

करारात लिहितात ‘चार तासांत प्रतिसाद’. प्रतिसाद म्हणजे फोन उचलणं! दुरुस्ती किती तासांत, ते कुठेच नाही. यूपीएसची बॅटरी, एसएमपीएस (मशीनला आतून वीज पुरवणारा डबा), हार्ड डिस्क, सगळं कराराबाहेर. मग आत आहे काय, पंख्यावरची धूळ?

किनाऱ्यावरची खारी, दमट हवा. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीचे संपर्क खराब होतात, मशीन नुसतं बीप बीप करतं. पट्टी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पुष्कळदा तेवढ्यावर चालू होतं. पण छे! “मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.” जूनच्या तोंडावर विजा कडाडल्या की राउटर जळणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरी अर्थिंग तपासायला मल्टिमीटर बाहेर काढतो कोण?

आणि बॅकअप! टॅलीचा, म्हणजे हिशेबाचा डेटा डी ड्राइव्हवर, बॅकअप ई ड्राइव्हवर, डिस्क मात्र एकच! ती गेली की दोन्ही गेले, तेही नेमके हापूसच्या पेट्या वाशीला निघायच्या वेळी. तो बॅकअप रिस्टोअर होतो का, हे कधी कुणी करून बघितलंय?

राउटर गिऱ्हाइकाचा, त्याचा ॲडमिन पासवर्ड मात्र या सर्व्हिसवाल्यांच्या खिशात. विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, तेही गिऱ्हाइकानेच यांना सांगायचं?

नूतनीकरणाचा फोन मात्र मुदतीच्या महिनाभर आधी. तेव्हा माणूस चिपळूणला नसतो!