भिंत मालकाची, ओल माझी

यंदा जुलैत कपाटातली कापशी, म्हणजे चामड्याची कोल्हापुरी चप्पल काढली तर तिला पांढरे केस आलेले. माझे अजून पिकले नाहीत आणि चप्पल म्हातारी. कपाट हलवलं तर मागची भिंत जमिनीपासून मांडीपर्यंत काळी-हिरवी, हात लावला की रंगाचा पापुद्रा हातात आणि खाली गिलाव्याची ओली वाळू. ही भिंत डक्टला लागून, म्हणजे बाथरूमचे पाईप जातात तो उभा बोळ, जिथं कबुतरं, वरच्यांचे पडलेले मोजे आणि सगळ्यांचं सांडपाणी सुखानं नांदतं आणि जो झाडायची पाळी आजवर कुणाचीच आलेली नाही.

घरमालकांना फोन केला. "आवो सर, पाऊस किती पडालाय बघताय न्हवं? पंचगंगा 39 फुटाला गेली की इशारा, 43 ला धोका. तुमची वल कुठवर आलीया?"

म्हटलं, मांडीपर्यंत.

"मग अजून इशाऱ्यालाबी न्हाई की!"

बायकोनं हे मनावर घेतलं. पेन्सिल घेऊन ओलीच्या कडेला रेघ मारायची, शेजारी तारीख. मग पाऊस उघडला, पंचगंगेचे हे फूट जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी उतरलं, लोक रंकाळ्यावर भेळ खायला लागले आणि आमची रेघ मात्र चढतीच. पावसाची ओल असती तर ऊन पडल्यावर थोडी तरी मागं सरली असती ना, म्हणजे पाईपच गळतोय हे शेंबडं पोरगंही सांगेल.

मालक काकूंना घेऊन आले. काकू म्हणाल्या, "मी सांगतो तुला, तुम्ही कपडे आत वाळत घालताय, त्यानं हुतंय." आता यात तथ्य आहे, बंद खोलीत ओले कपडे टाकले की ते पाणी हवेत जातं आणि गार भिंतीवर बसतं, पण त्यानं कोपऱ्यात काळे ठिपके येतात, वाळू ओली होत नाही काकू. मग मालकांचं लक्ष एसीकडं गेलं, तोही कुबट वास मारत होता. फिल्टर काढून धुणं माझं काम, ते मी करतोच, पण आत ब्लोअरला जी काळी बुरशी बसलीय ती माझ्या आधीची आहे, ती मेकॅनिक बोलवून साफ करूनच घर द्यायचं असतं असं माझं मत. मालकांचं मत, "हवा तुम्ही खाताय, मग साफबी तुम्हीच करायची."

म्हणून कायदा वाचला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. करारात उलटं काही ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम, नोटीस देऊन निदान 15 दिवसांच्या वाजवी मुदतीत नाही केलं तर भाडेकरूनं स्वतः करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. छाती फुगली. मग आपला करार काढला तर 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मी भाडेकरू नाहीच, लायसेन्सी, नुसता राहू दिलेला माणूस. शिवाय खाली बारीक अक्षरात, किरकोळ दुरुस्ती लायसेन्सीने करावी. किरकोळ म्हणजे किती? केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निदान यादी तरी आहे, रंग आणि पाईप बदलणं मालकाकडं, नळाचा वायसर भाडेकरूकडं, पण राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय तो नुसता नमुनाच.

शेवटी प्लंबर बॅटरी घेऊन डक्टमध्ये उतरला आणि आतनंच ओरडला, "वरच्यांचा नहाणी ट्रॅप गळालाय!" म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचं, सांडपाणी जातं ते भांडं. वरचे म्हणाले पाणी तुमच्याकडं येतंय ना, मग बघा तुमचं तुम्ही. इथं मात्र मालकांना मानलं, जिन्यात उभं राहून त्यांनी वरच्यांचा जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही, पण दुसऱ्या दिवशी ट्रॅप बदलला.

पेंटर लगेच दोन कोट मारून मोकळा व्हायला निघालेला, त्याला अडवला, ओल्या भिंतीवरचा रंग दिवाळीपर्यंत टिकत नसतोय. भिंत खरवडली, फॅन लावून सुकू दिली, मग रंग. पैसे मालकांनी दिले. इतके सरळ दिले की मलाच शंका आली.

परवा करार रिन्यू करायला आले. चहा पीत म्हणाले, "रंगकाम झालंय, आता भाडं जरा वाढवायला लागंल. आणि त्या भिंतीवर पेन्सिलीनं तारखा कुणी लिवल्या हुत्या? घासायला पेंटरनं जादा घेतलं, ते डिपॉझिटमधनं वळतं करतो."